धरणे आणि नदीमुखाचे पर्यावरण : हुगळी खाडीचा अभ्यास

एखाद्या नदीवर धरण बांधण्याचा प्रस्ताव पुढे येतो, तेव्हा त्याचा जमाखर्च सामान्यतः दोन क्षेत्रांच्या आधारे मांडला जातो. एक लाभक्षेत्र आणि दुसरे बुडित क्षेत्र. सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण हे लाभाच्या बाजूला, तर बुडणारी शेती, जंगल आणि विस्थापितांचे पुनर्वसन हे खर्चाच्या बाजूला लिहिले जाते. मात्र धरणाचा परिणाम होणारे तिसरे क्षेत्रही असते. ते धरणापासून कित्येकदा शेकडो किलोमीटर दूर असते आणि प्रकल्पाच्या हिशेबात त्याची नोंद क्वचितच होते. हे क्षेत्र म्हणजे नदी आणि समुद्र यांच्या भेटीचा प्रदेश, अर्थात नदीमुखाची खाडी होय.

कोलकाता शहर अशाच एका खाडीच्या काठी वसले आहे. हुगळीच्या खाडीवर धरणांचे दोन परस्परविरोधी प्रयोग झाले. दामोदर व इतर पश्चिमी उपनद्यांवरील धरणांमुळे तिच्याकडे येणारे पुराचे पाणी रोखले गेले, तर फराक्का बंधाऱ्यामुळे कोरड्या ऋतूत तिला जादा पाणी मिळाले. म्हणूनच धरणबाधित नदीमुखांच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी हुगळी हे महत्त्वाचे उदाहरण ठरते.

खाडीचे कार्य कसे चालते?

खाडी म्हणजे नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी यांच्या मिश्रणाचा अंशतः बंदिस्त जलभाग. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर नदीच्या पाण्यात ते नगण्य असतात. या दोन टोकांच्या दरम्यान खाडीत क्षारतेची एक चढण तयार होते. नदीचा प्रवाह वाढला की ही चढण समुद्राकडे सरकते आणि तो घटला की जमिनीकडे सरकते. मासे, कोळंबी, खारफुटी आणि सूक्ष्म वनस्पती यांचे जीवनचक्र या ऋतुमानानुसार होणाऱ्या सरकण्याशी जुळलेले असते.

दुसरा घटक गाळाचा. हुगळीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे २९० किलोमीटर आत, नवद्वीपपर्यंत जाणवतो. खाडी आत अरुंद व उथळ होत जात असल्याने भरतीचा काळ लहान परंतु वेग जास्त, तर ओहोटीचा काळ लांब परंतु वेग कमी असतो. परिणामी भरती जेवढा गाळ आत आणते, तेवढा गाळ ओहोटी एकटी बाहेर नेऊ शकत नाही. ही तूट नदीचा वरून येणारा प्रवाह भरून काढतो. पावसाळ्यातील पूर हा या दृष्टीने खाडीचा वार्षिक सफाई कामगार असतो. तो थांबला की पात्र उथळ होणे क्रमप्राप्त ठरते.

दामोदरचा अनुभव

दामोदर नदी पुरांसाठी कुप्रसिद्ध होती. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या धर्तीवर ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळाची स्थापना झाली. तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) आणि पंचेत (१९५९) ही चार धरणे उभी राहिली, तसेच १९५५ मध्ये दुर्गापूरचा बंधारा पूर्ण झाला. याच काळात मयूराक्षी नदीवर मसानजोर धरण बांधण्यात आले.

या प्रकल्पांनी सिंचन व विजेची मोठी सोय केली, हे निर्विवाद आहे. परंतु दामोदर आणि तिचा प्रवाह वाहून नेणारी रूपनारायण या दोन्ही नद्या कोलकात्याच्या खाली हुगळीला मिळतात. त्यांच्या पुरांची शिखरे बोथट झाल्याने खालच्या हुगळीतील गाळ वाहून नेणारी शक्तीही कमी झाली. पश्चिम बंगालच्या पाटबंधारे खात्यातील अभियंता कपिल भट्टाचार्य यांनी दामोदरच्या धरणांमुळे हुगळीतील गाळ वाढेल आणि कोलकाता बंदरावर त्याचा परिणाम होईल, असा इशारा दिला होता. पुढे फराक्का योजनेलाही त्यांनी जाहीर विरोध केला. पूरनियंत्रणाचा लाभ वरच्या खोऱ्याला आणि गाळ उपसण्याचा खर्च खालच्या बंदराला, अशी ही विभागणी होती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे बाह्यपरिणामाचे ठळक उदाहरण आहे. ज्याच्या निर्णयामुळे खर्च निर्माण होतो, त्याच्या ताळेबंदात तो खर्च दिसत नाही.

फराक्का : उद्दिष्ट आणि परिणाम

गंगेचा मुख्य प्रवाह काही शतकांपूर्वी पूर्वेकडे पद्मेच्या मार्गाने वळला आणि भागीरथी-हुगळीची शाखा दुर्बल झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वर्षातील बराच काळ भागीरथीचा गंगेशी असलेला संबंध तुटत असे. समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत असलेल्या कोलकाता बंदराच्या दृष्टीने ही स्थिती चिंताजनक होती. कोलकात्याला पाणी पुरवणाऱ्या पलता येथील जलकेंद्रापर्यंत उन्हाळ्यात क्षार पोहोचत असत.

यावर उपाय म्हणून १९६१ मध्ये फराक्का बंधाऱ्याचे काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १९७५ पासून तो कार्यान्वित झाला. सुमारे २.२४ किलोमीटर लांबीच्या या बंधाऱ्याला १०९ दरवाजे आहेत. तेथून सुमारे ३८ किलोमीटर लांबीच्या पूरक कालव्याने ४०,००० क्युसेकपर्यंत, म्हणजे सुमारे १,१३३ घनमीटर प्रतिसेकंद पाणी भागीरथीत सोडता येते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ४०,००० क्युसेक हा आकडा बंदराच्या गाळाचा विचार करून ठरवण्यात आला. मासे, खारफुटी किंवा क्षारतेची ऋतुचक्रे यांच्या गरजेतून तो आलेला नव्हता.

परिणाम संमिश्र झाले. कोरड्या ऋतूत क्षारतेची रेषा समुद्राकडे सरकली, गोड्या पाण्याचा पट्टा बराच खाली वाढला आणि कोलकात्याच्या पाणीपुरवठ्याला त्याचा लाभ झाला. गोड्या पाण्यातील माशांचे क्षेत्रही विस्तारले. परंतु बंदराचा गाळाचा प्रश्न मात्र सुटला नाही. वरचे पात्र सुधारले तरी खालच्या रुंद भागात गाळाचे उंचवटे कायम राहिले. तेथे भरतीचे बळ इतके मोठे आहे की, वरून येणारा प्रवाह त्यावर मात करू शकत नाही. १९७७ मध्ये कार्यान्वित झालेल्या हल्दिया गोदीलाही सातत्याने गाळ उपसावा लागतो आणि त्याचा मोठा भार केंद्र सरकारच्या तिजोरीने उचलला.

दुसरीकडे बंधाऱ्याने गंगेतील जीवसृष्टीची वाट अडवली. हिलसा, म्हणजे बंगालचा इलिश, हा समुद्रात वाढणारा आणि अंडी घालण्यासाठी नदीत वर चढणारा मासा आहे. बंधाऱ्यापूर्वी तो अलाहाबाद, आजचे प्रयागराज, आणि त्याच्याही वरपर्यंत मिळत असे. १९७५ नंतर फराक्काच्या वरील भागात त्याची आवक झपाट्याने कोसळली. बंधाऱ्याच्या रचनेतील मासळीसाठीची व्यवस्था या स्थलांतरासाठी अपुरी ठरली. बिहार व उत्तर प्रदेशातील गंगाकाठच्या मच्छीमारांच्या उत्पन्नातून एक महत्त्वाचा मासा जवळजवळ नाहीसा झाला. याशिवाय बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला माल्दा आणि खालच्या बाजूला मुर्शिदाबाद जिल्ह्यात काठांची धूप हा गंभीर सामाजिक प्रश्न बनला. २०१६ मध्ये बिहारच्या मुख्यमंत्र्यांनी गाळ आणि पुराचे कारण देऊन बंधारा हटवण्याची मागणी केली होती.

एक नदी, दोन खाड्या

फराक्का येथे हुगळीला दिलेले पाणी हे पद्मेतून वजा झालेले पाणी असते. पद्मेची गोराई ही शाखा बांगलादेशातील खुलना विभाग आणि पूर्व सुंदरबनला गोडे पाणी पुरवते. कोरड्या ऋतूत गोराईचा प्रवाह आटू लागल्याने तेथील क्षारता वाढली आणि शेती, पिण्याचे पाणी व सुंदरी वृक्ष यांच्यावर ताण आला. एका खाडीची क्षारता कमी करण्याची किंमत दुसऱ्या खाडीने वाढत्या क्षारतेच्या रूपाने मोजली. पाण्याचा संधी खर्च म्हणतात तो हाच.

या वाटपासाठी १९७७ चा करार आणि १९८२ व १९८५ चे सामंजस्य करार यांनंतर १२ डिसेंबर १९९६ रोजी भारत व बांगलादेश यांच्यात ३० वर्षांचा गंगा जलवाटप करार झाला. त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. १ जानेवारी ते ३१ मे या काळात दर दहा दिवसांच्या सरासरीवर वाटप होते. त्याचे सूत्र असे :

१. प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असल्यास दोन्ही देशांना निम्मा निम्मा वाटा.
२. ७०,००० ते ७५,००० क्युसेक असल्यास बांगलादेशला ३५,००० आणि उरलेला भारताला.
३. ७५,००० क्युसेक किंवा अधिक असल्यास भारताला ४०,००० आणि उरलेला बांगलादेशला.

याशिवाय ११ मार्च ते १० मे या सर्वांत टंचाईच्या काळात दोन्ही देशांना आळीपाळीने प्रत्येकी तीन दशदिवसीय कालखंडांत ३५,००० क्युसेकची हमी देण्यात आली. याचा खाडीवरील अर्थ करारासोबतच्या तक्त्यावरून स्पष्ट होतो. १९४९ ते १९८८ या काळातील सरासरी प्रवाहावर आधारलेल्या या तक्त्यानुसार ११ ते २० एप्रिल या काळात भारताचा वाटा ३५,००० क्युसेक, २१ ते ३० एप्रिलला २५,९९२ क्युसेक आणि १ ते १० मे या काळात पुन्हा ३५,००० क्युसेक येतो. म्हणजेच संकल्पित ४०,००० क्युसेकच्या तुलनेत एप्रिलअखेर केवळ सुमारे ६५ टक्के पाणी मिळते आणि दर दहा दिवसांनी प्रवाहात सुमारे एक-चतुर्थांश इतका चढउतार होतो. वाटपाच्या दृष्टीने ही आळीपाळी न्याय्य असली, तरी नैसर्गिक नदी उन्हाळ्यात अशी दहा-दहा दिवसांच्या पायऱ्यांनी वाहत नाही. फराक्काला पोहोचलेले पाणी दोन देशांत वाटले जाते. त्यात नदीचा स्वतःचा, म्हणजेच खाड्यांचा, असा वेगळा वाटा नाही.

परिस्थितिकीय व्यवस्थापनाची तत्त्वे

गाळ साचला की उपसा, काठ ढासळला की दगडी बांध आणि पाणी कमी पडले की कालवा, ही अभियांत्रिकी पद्धती प्रत्येक लक्षणावर स्वतंत्र उपचार करते. परिस्थितिकीय पद्धती प्रवाह, गाळ, क्षारता आणि जीवसृष्टी यांना एकच व्यवस्था मानते. तिची प्रमुख साधने पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) पर्यावरणीय प्रवाह : नदीत किमान किती पाणी असावे एवढाच हा प्रश्न नसून ते केव्हा, किती काळ आणि कोणत्या चढउताराने यावे, हाही आहे. भारत सरकारने ९ ऑक्टोबर २०१८ रोजी गंगेसाठी पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली. तीत वरच्या गंगेसाठी ऋतुनिहाय २० ते ३० टक्के प्रवाह राखण्याचे आणि हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्यापासून उन्नावपर्यंतच्या टप्प्यासाठी किमान प्रवाहाचे बंधन आहे. हे पाऊल महत्त्वाचे असले, तरी फराक्का आणि हुगळीची खाडी या अधिसूचनेच्या कक्षेबाहेर आहेत.

(आ) क्षारतेचा निर्देशांक : अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात तळाच्या पाण्याची क्षारता दर हजारी २ भाग असणारी रेषा समुद्रमुखापासून किती किलोमीटरवर आहे, हे मोजले जाते आणि वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे नियम त्या रेषेशी जोडलेले आहेत. धरणचालकाला क्युसेकऐवजी खाडीच्या प्रकृतीविषयी उत्तरदायी धरणारी ही कल्पना हुगळीलाही उपयुक्त ठरू शकते.

(इ) नियोजित पूर : अमेरिका व मेक्सिको यांनी २०१४ च्या वसंतात आठ आठवडे सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी सोडून कोलोरॅडो नदीच्या कोरड्या त्रिभुज प्रदेशाला पुन्हा ओलावा दिला. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीवरील दियामा धरणानंतर मॉरिटानियाच्या दियावलिंग राष्ट्रीय उद्यानात दरवाजांच्या साहाय्याने कृत्रिम पूर आणून कुरणे, मासळी आणि खारफुटी सावरण्यात आली. दामोदरसारख्या दाट लोकवस्तीच्या खोऱ्यात मात्र अशा पुरासाठी पूरक्षेत्रातील वस्ती, पूर्वसूचना आणि भरपाई यांचा विचार आधी करावा लागेल.

(ई) भरतीच्या गाळाचा सदुपयोग : बांगलादेशच्या नैर्ऋत्य भागात १९६० च्या दशकात बांधलेल्या किनारी बांधांमुळे गाळ पूरमैदानावर पसरण्याऐवजी नद्यांच्या पात्रात साचला आणि बांधांच्या आतील जमिनीत पाणी तुंबले. स्थानिक लोकांनी बांध फोडून भरतीचे पाणी खोलगट जमिनीत, म्हणजे बिलांत घेतले. १९९७ मध्ये भायना बिलात हा प्रयोग झाला. जमीन गाळाने उंचावली आणि नदी पुन्हा खोल झाली. परंतु या काळात ज्यांची जमीन पाण्याखाली राहते, त्यांना भरपाई न मिळाल्यास योजना अडते, हा धडाही याच अनुभवाने दिला.

(उ) मासळीचे मार्ग आणि संरक्षण : पश्चिम बंगालमध्ये २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा पकडण्यास मनाई आहे. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या सागरी मासेमारीवर बंदी असते. बराकपूरच्या केंद्रीय अंतःस्थलीय मत्स्यसंशोधन संस्थेने राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियानाच्या साहाय्याने फराक्काच्या वर हिलसा सोडण्याचा उपक्रम चालवला. २०१९ मध्ये केंद्र सरकारने फराक्काच्या नव्या नौकानयन मार्गाच्या दरवाजांचा उपयोग हिलसाच्या स्थलांतरासाठीही करण्याचे जाहीर केले. बंदीच्या काळात उत्पन्न बुडणाऱ्या मच्छीमारांना निर्वाहसाहाय्य मिळाले, तरच असे नियम पाळले जातात.

(ऊ) पाणथळ जागा आणि खारफुटी : कोलकात्याच्या पूर्वेकडील सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ क्षेत्रात शहराचे सांडपाणी उथळ तलावांत सूर्यप्रकाश व शेवाळ यांच्या साहाय्याने शुद्ध होते आणि त्यावर मत्स्यशेती चालते. डॉ. ध्रुवज्योती घोष यांनी या व्यवस्थेचे शास्त्रीय महत्त्व जगापुढे मांडले. ऑगस्ट २००२ मध्ये ती रामसर यादीत समाविष्ट झाली आणि २००६ मध्ये राज्याने तिच्या संरक्षणासाठी कायदा केला. सुंदरबनही २०१९ मध्ये रामसर यादीत आले. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. फराक्काचे पाणी प्रामुख्याने हुगळीच्या पश्चिम मार्गाने समुद्राला मिळते. विद्याधरी, मातला यांसारख्या मधल्या नद्यांचा वरील प्रवाहाशी संबंध केव्हाच तुटला असल्याने मध्य सुंदरबनची क्षारता त्यामुळे फारशी कमी होत नाही.

महाराष्ट्रासाठी संदर्भ

खाडीवरील धरणाचा परिणाम केवळ पाणी घटण्यानेच होतो असे नाही. कृष्णा खोऱ्यातील कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर सह्याद्रीच्या पश्चिमेस वाशिष्ठी नदीत सोडले जाते. कृष्णा पाणी तंटा लवादाने यासाठी ६७.५ अब्ज घनफूट इतकी मर्यादा घातली. म्हणजे जी वाशिष्ठी निसर्गतः उन्हाळ्यात क्षीण झाली असती, तिच्या खाडीला वर्षभर गोडे पाणी मिळते आणि त्याची वेळ वीजमागणीनुसार ठरते. हे पाणी वाया जाते असे म्हणणे किंवा ते संपूर्ण अन्यत्र वळवण्याचा विचार करणे, या दोन्हींपूर्वी त्यावर स्थिरावलेली खाडी, मासेमारी आणि पाणीपुरवठा यांचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

संस्थात्मक प्रश्न

खाडीच्या व्यवस्थापनातील सर्वांत मोठी अडचण तांत्रिक नसून संस्थात्मक आहे. फराक्का बंधारा केंद्राच्या जलविभागाकडे, जलमार्ग अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे, २०२० पासून श्यामाप्रसाद मुखर्जी यांचे नाव धारण करणारे बंदर नौवहन मंत्रालयाकडे, मत्स्यव्यवसाय राज्याकडे आणि सुंदरबन वनविभागाकडे आहे. प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे, आकडेवारी वेगळी. किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत सुंदरबनचा अतिसंवेदनशील किनारी क्षेत्र म्हणून विशेष उल्लेख आहे. पण ती किनाऱ्यावरील बांधकामाचे नियमन करते, वरून येणाऱ्या प्रवाहाचे नाही. त्यामुळे खाडीच्या वतीने पाण्याची मागणी नोंदवणारा अधिकृत पक्षकारच नाही.

समारोप

हुगळीच्या अनुभवातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, खाडीला पाणी देणे आणि खाडी निरोगी राखणे या एक गोष्टी नव्हेत. पाण्याची वेळ, गाळ आणि जीवांची वाट यांचाही विचार हवा. दुसरा, गाळ उपसण्यावर होणारा खर्च, मासळीचे घटलेले उत्पन्न आणि काठांची धूप हे धरणांच्या ताळेबंदातच लिहिले गेले पाहिजेत. अन्यथा ते बंदराच्या अनुदानात, मच्छीमाराच्या कर्जात आणि विस्थापिताच्या झोपडीत विखुरलेले राहतात. तिसरा, १९९६ च्या कराराची मुदत ही केवळ दोन देशांच्या वाट्यांची फेरमांडणी करण्याची वेळ नाही. वाटणीपूर्वी हुगळी व गोराई या दोन्ही खाड्यांसाठी काही प्रवाह राखून ठेवता येईल का, हा प्रश्न तीत विचारला गेला पाहिजे. समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते, ही समजूत नियोजनात दीर्घकाळ रुजलेली आहे. कोलकात्याच्या नळाला येणारे गोडे पाणी आणि जाळ्यात न येणारा इलिश या दोन्ही गोष्टी तिच्या विरुद्ध साक्ष देतात.

सरावासाठी प्रश्न

१. भरती-ओहोटीतील असमतोल म्हणजे काय? खाडीतील गाळाशी त्याचा संबंध स्पष्ट करा.
२. फराक्का बंधाऱ्याच्या परिणामांचे बाह्यपरिणाम आणि संधी खर्च या संकल्पनांच्या आधारे परीक्षण करा.
३. १९९६ च्या गंगा जलवाटप कराराचे सूत्र सांगून खाडीच्या दृष्टीने त्यातील उणिवांची चर्चा करा.
४. कोयना-वाशिष्ठी आणि फराक्का-हुगळी या उदाहरणांतील साम्य व भेद लिहा.